जुनी मस्टँग बघायला जाताना पाणी घेऊन जा

अमेरिकेत जुनी गाडी विकत घेऊन ती स्वतःच्या हातांनी पुन्हा उभी करायची असेल, तर तपासणी एका पन्हळीपासून सुरू करावी. १९६५ किंवा १९६६ सालच्या फोर्ड मस्टँगच्या पुढच्या काचेखाली, बॉनेट जिथे संपतं तिथे, पत्र्यातच कापलेल्या बारीक फटी दिसतात. त्यांतून हवा आत जाते आणि ड्रायव्हरच्या पायाशी, हीटरपाशी पोचते. हवेबरोबर पाऊसही आत जातो, आणि तो जाणार हे धरूनच रचना केलेली आहे. फटींच्या खाली गाडीच्या रुंदीएवढी आडवी पन्हळ आहे. पावसाचं पाणी तिच्यातून दोन्ही टोकांना जातं आणि फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, मागे जमिनीवर पडतं. हवेची दोन भोकं याच पन्हळीच्या तळाला आहेत. त्यांत पाणी शिरू नये म्हणून प्रत्येक भोकाभोवती पत्र्याची उभी कड आहे. दिसायला ती शेंडा कापलेल्या टोपीसारखी, म्हणून अमेरिकेतले मिस्त्री तिला टोपीच म्हणतात.

ही टोपी पन्हळीला जिथे जोडली आहे, त्या सांध्यात झाडाची पानं, धूळ, सुरूच्या सुया येऊन बसतात. पाऊस थांबला तरी तो कचरा ओला राहतो. कारखान्यातून निघतानाही तिथे रंग जेमतेमच पोचलेला होता. हात जात नाही, ब्रश जात नाही, डोळाही जात नाही अशी ती जागा. साठ वर्षांत टोपीचा बूड कुजतो, मग पाणी टोकापर्यंत न जाता सरळ खाली, गालिच्यावर येतं. गालिच्याखालचं तरटासारखं जाड अस्तर ते शोषून घेतं आणि फरशीचा पत्रा आठवडेच्या आठवडे ओल्या पोतेऱ्याखाली ठेवल्यासारखा राहतो. गळकं कौल बदललं नाही तर पोटमाळ्याचं लाकूड जसं जातं, तशी या गाडीची फरशी जाते. फरशी नवी बसवलेली आणि पन्हळ तशीच जुनी, अशा कितीतरी गाड्या ‘रिस्टोअर्ड’, म्हणजे पूर्ववत केलेल्या, म्हणून विकायला उभ्या असतात.

म्हणून जुनी मस्टँग बघायला जाताना दोन लिटरच्या दोन बाटल्या पाणी आणि एक टॉर्च न्यावी. पुढचा गालिचा उचलायची परवानगी मागावी. एकाने फटींतून आधी डाव्या, मग उजव्या बाजूला सावकाश पाणी ओतावं आणि दुसऱ्याने डॅशबोर्डच्या खाली पाठीवर झोपून टॉर्चने वर बघावं. थेंब नेमका कुठून येतो तेही पाहावं. हवेच्या भोकाच्या कडेने आला तर टोपी गेलेली आहे. काचेच्या रबराखालून ओघळला तर दुरुस्ती बरीच सोपी. उजव्या बाजूला चिकट, गोडसर वासाची ओल असेल तर ती पावसाची नाही, हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून गळणाऱ्या कूलंटची आहे. पाणी अजिबात आलं नाही तर खालून बोट घालून टोपीची कड चाचपावी. तिथे प्लास्टिकची टोपी आणि सिलिकॉनचा थर हाताला लागला तर मूळ पत्रा त्याखाली अजून कुजतोच आहे. विकणारा पाणी ओतू देत नसेल, तर उत्तर मिळालं असं समजून पुढच्या गाडीकडे वळावं.

पहिल्या प्रकल्पासाठी गाडी निवडताना सगळ्यात मोठी चूक इथेच होते. माणूस इंजिन ऐकायला जातो. व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, सुरू झालं, त्याची ती घुमणारी, किंचित लंगडणारी घरघर छातीत उतरली की पत्रा बघायचं भान राहत नाही. वास्तविक २८९ घनइंचाचं इंजिन हा या गाडीतला सर्वांत कमी काळजीचा भाग आहे. त्याचे पिस्टन, बेअरिंगं, गॅस्केटं सगळं आजही मिळतं, आणि ते उघडून भरून देणारी मशीनशॉप अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या गावांत सापडतात. कुजलेला पत्रा मात्र दर तासाला पैसे खातो. पहिली गाडी घेताना लोखंड विकत घ्यावं. इंजिन बंद असलेली, पण तळ कोरडा आणि भाग पूर्ण असलेली गाडी ही घरघरणाऱ्या पण कुजक्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली.

काटेकोर माणसं मस्टँगला मसल कार म्हणणार नाहीत. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओमध्ये मध्यम आकाराच्या बॉडीत ३८९ घनइंचाचं मोठं इंजिन बसवलं गेलं आणि तिथून ती जात सुरू झाली असं सर्वसाधारणपणे मानतात. मस्टँग ही तिची धाकटी, ‘पोनी’ जातीची. जीटीओ किंवा शेव्हर्लेच्या शेव्हेलला खाली वेगळी चॅसिस, म्हणजे लोखंडी सांगाडा, असते, म्हणजे फरशी कुजली तरी गाडीचा कणा शाबूत राहू शकतो. मस्टँगला तशी चॅसिस नाही. फाल्कन या साध्या घरगुती गाडीवरून बेतलेली ही बॉडी पत्र्यांच्या पेट्या एकमेकींना वेल्ड करून उभी राहिलेली आहे, त्यामुळे फरशी आणि रॉकर, म्हणजे दाराखालच्या आडव्या पेट्या, कुजले की कणाच कुजतो. तरीही पहिल्या कामासाठी हीच गाडी घ्यावी, कारण तिचा जवळजवळ प्रत्येक पत्रा, रबर, काच, बिजागरी, स्क्रू आज नवा बनवलेला मिळतो. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात २,३६८ डॉलर किमतीला ती लोकांपुढे आली आणि मार्च १९६६ पर्यंत दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली होती. एवढ्या गाड्या बनल्या म्हणून तिचे भाग बनवणाऱ्यांचा धंदा आजही चालतो. दुर्मीळ गाडीचा एक दिवा शोधायला वर्ष जाऊ शकतं, मस्टँगचा दिवा आठवड्यात घरी येतो. नवशिक्याच्या चुका पोटात घालणारी गाडी ती हीच.

त्यातही छप्पर असलेली साधी हार्डटॉप घ्यावी. मागे उतरत्या छपराची फास्टबॅक दिसायला देखणी, पण तेवढ्याच गंजाला बरेच जास्त पैसे मोजायला लावते. कन्व्हर्टिबलला छप्पर नाही म्हणून रॉकरमध्ये जास्त जाड पत्रा घातलेला आहे, आणि तो कुजला तर गाडी मधोमध वाकते. पहिल्यांदाच वेल्डिंगचं पिस्तूल हातात धरणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

आता नंबर. गाडीचा ओळख नंबर डाव्या बाजूला, इंजिनच्या कप्प्याच्या आतल्या भिंतीवर ठोकलेला असतो आणि फेंडरच्या कडेला ठेवलेल्या खाचेतून वाचता येतो. समजा सुरुवात ५एफ०७सी अशी आहे. ५ म्हणजे १९६५ चं मॉडेल, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप आणि सी म्हणजे दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरचं २८९. ०८ असेल तर कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक. समोर फास्टबॅक उभी आहे आणि नंबर ०७ सांगतोय, तर बहुधा कुणीतरी हार्डटॉपचं छप्पर कापून ती बनवलेली आहे. इंजिनच्या त्या शेवटच्या अक्षरात टी म्हणजे २०० घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन, ए म्हणजे चार तोंडांच्या कार्ब्युरेटरचं २२५ हॉर्सपॉवरचं, आणि के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरचं, ज्याच्यासाठी लोक खोटे नंबर ठोकायलाही कमी करत नाहीत. ड्रायव्हरच्या दारावर रिव्हेटने बसवलेली पट्टी आहे, तिच्यावर बॉडी, रंग, सीटचं कापड, तारीख, गिअरबॉक्स, ॲक्सल यांचे कोड असतात. पण दार बदलता येतं आणि पट्टी नवी छापून मिळते. टायटलच्या, म्हणजे मालकीच्या, कागदावरचा नंबर भिंतीवर ठोकलेल्या नंबराशी जुळला पाहिजे, दाराशी जुळून भागत नाही. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची कारखान्यातली नोंद मार्टी रिपोर्टमधून मिळते, त्याआधीच्या मस्टँगची तशी मिळत नाही, म्हणून ही तपासणी स्वतःच्या डोळ्यांनी करावी लागते. ‘मॅचिंग नंबर’, म्हणजे इंजिन मूळ याच गाडीचं, हे शब्द कानावर पडले तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या वर्षांत के-कोडची इंजिनं सोडली तर ब्लॉकवर गाडीचा नंबर ठोकत नसत. ओतकामाची तारीख ब्लॉकवर असते, ती गाडी बनल्याच्या तारखेआधीची असावी, एवढंच सी-कोडच्या इंजिनाबद्दल सांगता येतं.

कारखान्याच्या अक्षराची गंमत वेगळीच आहे. आर म्हणजे सॅन होजे, प्रत्यक्षात कारखाना मिल्पिटासमध्ये होता. तो १९८३ साली बंद झाला आणि त्याच इमारतीत आज ग्रेट मॉल आहे. टी म्हणजे मेटचन, म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये रूट १ वर उभा असलेला कारखाना. तो २००४ साली बंद झाला, नंतर पाडला गेला. एफ म्हणजे डेट्रॉईटला लागून असलेलं डिअरबॉर्न. एडिसन, मिल्पिटास आणि डेट्रॉईटची उपनगरं या तिन्ही ठिकाणी आज मराठी घरं आहेत. गणपतीच्या तयारीसाठी रूट १ वरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की तिथून एके काळी मस्टँग गाड्या ट्रेलरवर चढून बाहेर पडत होत्या! गाडी मात्र शक्य तो मिल्पिटासच्याच दिशेची शोधावी. मिशिगन आणि न्यू जर्सीच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि ते खालून पत्रा खातं. कॅलिफोर्निया, ॲरिझोनाच्या उन्हात राहिलेल्या गाडीची रबरं, सीटा, डॅशबोर्ड करपलेले असतात, पण पत्रा खणखणीत. ट्रकने देश ओलांडून गाडी आणायचा खर्च धरूनसुद्धा कोरडी गाडी स्वस्त पडते, कारण रबर विकत आणून एका संध्याकाळी बसवता येतं.

पन्हळ बघून झाली की बाकीची पाण्याची घरं बघावीत. बॅटरी पुढे उजवीकडे असते. तिचं आम्ल खालच्या भिंतीवर आणि तिथून पुढच्या रेलवर गळलेलं असतं. पुढची रेल म्हणजे रेडिएटरपासून फरशीखाली जाणारी चौकोनी पेटी. तिला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकावं. टणत्कार आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत गंजाचा चुरा साठलेला आहे. स्प्रिंगचा वरचा भार घेणारे शॉक टॉवर इंजिनच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यांना चाक धरणाऱ्या वरच्या आर्मच्या बोल्टांपाशी तडे जातात. तडा रंगाखाली केसासारखा दिसतो, म्हणून फडक्याने पुसून बघावं. मागे डिक्कीतला गालिचा उचलला की पेट्रोलची १६ गॅलनची टाकीच समोर येते, कारण टाकीचा वरचा पत्रा हाच डिक्कीचा तळ आहे. तिच्या दोन्ही बाजूंना खोल खड्डे आहेत. मागच्या काचेच्या आणि टेललॅम्पच्या रबरातून शिरलेलं पाणी तिथे थांबतं. बाहेरून चाकांच्या कमानींवर आणि क्वार्टर पॅनेलच्या, म्हणजे मागच्या चाकाभोवतीच्या पत्र्याच्या, खालच्या टोकाला कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवावं. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. चाकं तेवढी मोजायची विसरू नयेत. व्ही-एट गाडीला चाकाचे पाच बोल्ट असतात, सहा सिलिंडरच्या गाडीला चार. बॉनेटखाली व्ही-एट आणि चाकाला चार बोल्ट, म्हणजे कुणीतरी इंजिन तेवढं बदललं आणि ब्रेक, स्पिंडल, मागचा ॲक्सल हलक्या गाडीचाच ठेवला. हे धोक्याचं आहे. ते सगळं बदलायचा खर्च भावातून वजा करावा किंवा गाडी सोडावी.

खोक्यांत भरलेली गाडी कधीच घेऊ नये. भाव बघून मोह होतो, पण दुसऱ्याने खोललेल्या गाडीत कुठला बोल्ट कुठला, काय हरवलं, काय मुळातच नव्हतं हे कुणीच सांगू शकत नाही.

गाडी घरी आली की लगेच खोलायला घेणं हीसुद्धा तीच वाट. हे काम अर्धवट सुटतं ते फार अवघड असतं म्हणून नाही. गॅरेजमध्ये गाडी न उरता भागांचा ढीग उरतो, त्याच्याकडे बघून हात उचलत नाही, वर्षं जातात, आणि मग ‘प्रकल्प विकणे आहे’ अशी जाहिरात येते. म्हणून जितके दिवस शक्य आहे तितके दिवस गाडी चालती ठेवावी आणि एका वेळी एकच कोपरा उघडावा. जो भाग काढाल त्याचे आधी चार बाजूंनी फोटो, बोल्ट त्याच जागेच्या पिशवीत, पिशवीवर नाव आणि तारीख. भारतातून आलेल्याने एक ध्यानात घ्यावं: या गाडीला मिलिमीटरचा पाना चालत नाही. ७/१६, १/२, ९/१६, ५/८ आणि ३/४ इंच हे पाने रोज हातात लागतील.

पहिलं काम ब्रेकचं, त्यात वाद नाही. १९६६ पर्यंतच्या मस्टँगला ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये एकच कप्पा आहे. चारपैकी कुठल्याही चाकाशी गळती झाली की पेडल तळाला जातं आणि एकही ब्रेक लागत नाही. १९६७ च्या मॉडेलपासून दोन कप्पे आले. दोन कप्प्यांचा सिलिंडर जुन्या गाडीला बसवता येतो आणि तो बसवावाच, गाडी कितीही ‘ओरिजिनल’ ठेवायची हौस असली तरी. सोबत पुढचे दोन आणि मागचा एक असे तिन्ही रबरी पाईप बदलावेत. ते बाहेरून धड दिसतात, पण आतून फुगून बंद होतात आणि मग ब्रेक लागल्यावर सुटत नाही. जुन्या ब्रेकशूंमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर हवेच्या पाईपने धूळ उडवायची नाही, ओलं करून पुसायची. दुसरी गोष्ट पेट्रोलची: आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, त्यामुळे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे रबरी तुकडे नवे घालावेत आणि कित्येक वर्षं उभ्या गाडीची टाकी धुवून घेतल्याशिवाय इंजिन चालू करू नये.

इंजिन बरेच दिवस बंद असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडावं, एक रात्र थांबावं आणि क्रँकच्या पुढच्या बोल्टावर पाना लावून हाताने फिरवावं. फिरलं तर पुढे कॉम्प्रेशन मोजावं: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा किती आला यापेक्षा आठही आकडे एकमेकांजवळ आहेत का हे महत्त्वाचं. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली नसावा. शेजारशेजारचे दोन एकदम कमी आले तर बहुधा त्यांच्या मधलं हेड गॅस्केट गेलेलं आहे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-५-४-२-६-३-७-८. ठिणगीचं टायमिंग लावताना पुढच्या पुलीच्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तिची बाहेरची कडी रबराने चिकटवलेली असते, रबर म्हातारं झालं की कडी सरकते आणि खूण खोटं बोलते. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून खूण शून्यावर येते का ते आधी पाहावं. नवा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बसवला असेल तर पहिली वीस मिनिटं इंजिन २,००० आरपीएमच्या वरच ठेवावं आणि ऑईल जस्त जास्त असलेलं घालावं. आजच्या साध्या ऑईलमध्ये ते कमी असतं आणि सपाट टॅपेटांचा नवा कॅम त्या वीस मिनिटांतच झिजू शकतो.

मग लोखंड. फरशीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड. त्याला मिग वेल्डिंगची ०.०२३ इंचाची तार आणि ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा गॅस लागतो. याहून जाड तार घेतली तर पत्र्याला भोक पडायची भीती वाढते. गाडी पुढच्या-मागच्या टोकांवर टांगून ठेवायची नाही, चाकांवर उभी असल्यासारखा भार सस्पेन्शनखाली घ्यायचा. दारं जागेवरच ठेवायची, दाराच्या फटी मोजून वहीत लिहायच्या आणि एका वेळी एकाच बाजूची फरशी कापायची. फट बदलली की तिथेच थांबायचं. सलग रेघ ओढून वेल्ड करणं ही प्रत्येक नवशिक्याची पहिली चूक. उष्णतेने पत्रा पापडासारखा फुगतो आणि परत बसत नाही. एक टिपका इथे, दुसरा हातभर लांब, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं, मग मधला. मीटरभर सांध्याला अख्खी दुपार जाते आणि ती जाऊ द्यावी.

पन्हळीचं काम फरशीच्याही आधीचं. बॉनेट, दोन्ही फेंडर, पुढची काच काढायची. वरचा पत्रा शंभरेक स्पॉट वेल्डनी धरलेला असतो. ते टिपके रंगाखाली दिसत नाहीत, म्हणून तारेच्या ब्रशने कड उघडी करून प्रत्येकावर पंचने खूण करायची आणि स्पॉट वेल्ड कापायच्या कटरने फक्त वरचा पत्रा भेदायचा. कटर खालच्या पत्र्यात घुसला की तिथे नवं भोक. पत्रा उचलला की साठ वर्षांचा कचरा दिसतो, आणि बऱ्याचदा त्याच्या तळाशी टोपी अशी नसतेच, नुसती तांबूस जाळी उरलेली असते. नव्या टोप्या आणि खालचा पत्रा बसवला की सांध्यांवर आधी इपॉक्सी प्रायमर, मग सीम सीलर, मग रंग. वरचा पत्रा लगेच वेल्ड करायचा नाही. आधी, सीलर पूर्ण वाळल्यावर, तो नसतानाच पन्हळीत बादलीभर पाणी ओतायचं, आतून टॉर्च लावायची आणि अर्धा तास वाट बघायची. पत्रा बंद केल्यावर हेच पुन्हा. गालिचा त्यानंतर एखादा खरा पाऊस होऊन गेल्याशिवाय घालू नये. आतली फरशी कोरडी हवी आणि बाहेर, दोन्ही फेंडरांच्या मागे, जमिनीवर सारखीच धार पडायला हवी. एका बाजूची धार बारीक असेल तर त्या टोकाचं तोंड अजून तुंबलेलं आहे.